पंख्यापासून लपवलेला ताप

मंडळी, विश्वास कोणावर टाकावा, गोड बोलणाऱ्यावर की खरं बोलणाऱ्यावर? फार पूर्वी एका छापखान्यातल्या कॉम्प्युटरच्या पेटीत प्रोसेसर, पंखा आणि तापमापक गुण्यागोविंदानं राहत. मालक प्रोसेसरचा वेग जरासा वाढवी, तापमापकाला ताप विचारी आणि तो बेताचा असला तरच पुढे जाई.

प्रोसेसरला वेगाची चटक लागली. एक दिवस अंग भाजू लागलं, तसा तो तापमापकाला म्हणाला, "दादा, आज थोडा कमी सांग की. खरं कळलं तर मालक माझी पुन्हा बैलगाडी करील."

"अरे, पोळतोयस तू!"

"मित्र ना माझा?"

तापमापक विरघळला आणि त्यानं ताप कमी सांगितला. मालकानं खुशीत वेग आणखी वाढवला. पंखाही तोच आकडा ऐकून निवांत फिरत राहिला. दुपारी पडदा काळा पडला. प्रोसेसर जळाला होता.

तापमापक रडू लागला. पंखा हळूच म्हणाला, "निदान मला तरी खरं सांगायचंस रे. मी अजून निम्मा जोरसुद्धा लावला नव्हता."

तेव्हा बाबांनो, हिशेब ठेवाल तो खरा ठेवा, आणि आपल्या माणसाचा असेल तर जास्तच खरा.