तळपायानं घेतलेली गादी

बोरगडचे चंद्रसेनराजे सकाळी मास्तरांकडून एक इंग्रजी शब्द शिकले आणि दुपारी म्हाताऱ्या रायप्पाची नोकरी गेली.

शब्द होता ‘सप्लांट’, म्हणजे एकाला हुसकावून त्याची जागा घेणं. मास्तरांनी मूळही सांगितलं: जुन्या लॅटिनमध्ये तळपायाला ‘प्लांटा’ म्हणत, पायाखालून ओढून माणूस पाडण्यावरून हा शब्द आला. राजांना तो इतका आवडला की कुणावर तरी वापरल्याशिवाय चैन पडेना. रायप्पा त्यांचे जोडे सांभाळायचा. त्याच्या जागी कोटवाला नोकर आणायचं ठरलं, कोटही शिवून आला.

रायप्पाची मुलगी तुळसा तडक दरबारात आली. “माज्या बाचं काय चुकलं, सरकार?”

“काही नाही. आम्ही शब्द वापरून बघतोय,” राजे मिशीत हसले. “तूही वापर की! उद्या आम्हाला गादीवरून उठव. अंगाला हात लावायचा नाही, आग लागली म्हणून ओरडायचं नाही. काम तळपायानंच झालं पाहिजे. जमलं तर तुझा बाप राहील.”

“आणि जागा दुसऱ्यानं घ्यायला हवी,” मास्तरांनी पुस्ती जोडली.

सगळे हसले. तुळसा तिथून थेट राजगुरूंच्या मठात गेली.

दुसऱ्या दिवशी राजे लोडाला रेलून ऐटीत बसले. तेवढ्यात शिंग वाजलं. पुढे मठाचे बुवा, मागे तबक घेतलेली तुळसा, तबकात दिवंगत राजगुरूंच्या लाकडी पादुका. त्यांना तेल लावायचं काम रायप्पाचंच, त्यामुळे बुवांनी तिला नाही म्हटलं नव्हतं. बोरगडची रीत अशी की पादुका दरबारात आल्या, की राजानं उठून त्यांना आपली गादी द्यायची.

राजे सवयीनं ताडकन उठले, हात जोडले. बुवांनी पादुका गादीवर ठेवल्या. मग कुठं राजांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“उठवलंस खरं,” ते म्हणाले. “पण गादीवर तू कुठं बसलीस?”

“गादी गुरूंच्या तळपायानं घेतली, सरकार. मला ती करायची काय? मला माज्या बाची जागा पायजे, तुमच्या जोड्यांपाशी.”

राजे इतके हसले की पगडी हातात धरावी लागली. तुळसाला त्यांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं. आणि नव्या नोकरासाठी शिवलेला कोट त्याच दिवशी रायप्पाच्या अंगावर चढला.