बावतीस कोंबड्याची चौकशी

फार पूर्वी, सगळं गाव कोंबड्याच्या आरवण्यावर उठायचं तेव्हा, वसईच्या एका ख्रिस्ती देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात बावतीस नावाचा कोंबडा होता. ख्रिस्ती धर्म आपल्याच तुऱ्यावर तोललेला आहे, अशी त्याची खात्री होती.

ईस्टरच्या पहाटे, आरवण्याआधी, त्याने देवळातल्या सजावटीला रांगेत उभं केलं. "या सणासोबत जन्मले तेवढेच आत राहतील!"

ससा कान खाजवत म्हणाला, "मी त्याआधीच्या वसंताच्या सणातला, दादा. लोकांनी देव बदलला, पण मला कुणी जा म्हटलं नाही."

"मी म्हणतो. नीघ!"

मेणबत्ती म्हणाली, "माणसं जाळाला हात जोडायची, तेव्हापासून मी आहे."

"तूही नीघ!"

रंगवलेलं अंडं घरंगळत आलं. "माझा तर जन्मच झालेला नाही. आणि उकडलंय, म्हणजे होणारही नाही."

त्याच्याविरुद्ध बावतीसला काहीच सापडेना.

दारातून सशाने विचारलं, "आणि तू रे? देऊळ नव्हतं तेव्हा तुझे वाडवडील कुणाला बघून आरवायचे?"

बावतीसने पूर्वेकडे पाहिलं. सूर्य उगवत होता. नियम म्हणजे नियम. चोच घट्ट मिटून तो ताठ मानेने बाहेर गेला.

त्या दिवशी गाव उठलंच नाही. भर दुपारी फादर इनास धावत आले, तेव्हा देवळात एकटं उकडलेलं अंडं ईस्टर साजरा करत बसलं होतं.