कपाटातली घंटा

भिंतीपलीकडून कुणाचं तरी बोलणं ऐकलं, "चर्चची..." आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. पुढचं कानावर पडलं ते एवढंच, "शाळा जूनपासून बंद!" शेजारच्या रूथची लेक तिथेच दुसरीत, म्हणून मी रूथला घेऊन शाळा गाठली. फाटकावर कसलीच सूचना नव्हती.

"सर, माहितीचा फलक दर्शनी भागात हवा ना?" रूथने विचारलं.

हेडमास्तर शिरसाट म्हणाले, "माझ्या केबिनमध्ये आहे. मला रोज दर्शन होतं. पालकांचं आत काय काम?"

"मग चर्चची घंटाही कपाटात ठेवा. तुम्हाला ऐकू आली म्हणजे झालं!" रूथ म्हणाली.

सर ओशाळून हसले. त्यांनी स्वतः फलक फाटकावर टांगला. 'जूनपासून दुपारची शाळा बंद. सर्व वर्ग सकाळी.'

"म्हणजे अर्धं खरं होतं की!" मी रूथला म्हटलं.

"हो काकू, उरलेलं तुमच्या कुकरनं खाल्लं."