खाडीकडची भिंत

शिंपलवाडीतली घरे तीन बाजूंनी हिरवी आणि एका बाजूने पांढरी आहेत. इथली हवा इतकी दमट की श्रावणात चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळाची साय चढते आणि घर कुठे संपले, कुंपण कुठे सुरू झाले ते कळत नाही. खाडीकडची भिंत मात्र लख्ख असते. होडीतला पाहुणा याचे कारण विचारतोच. मग म्हातारे बाबल तारी वल्हे थांबवतात आणि वळणावरच्या काळ्या खडकाकडे बोट करतात. "माका कित्याक इचारतास? त्येका इचारा," म्हणतात, आणि सांगू लागतात.

फार पूर्वी या वळणावर आवडी आणि तिचा नवरा धाकू यांचे एकच घर खाडीकडे तोंड करून होते म्हणे. धाकूने त्या भिंतीला शिंपल्यांचा चुना लावला होता. मासे मारून परतताना अंधारात ती पांढरी भिंत दिसली की तो होडी वळवी. भिंत दिसली नाही, तर पुढे खडक होता.

एका आषाढात नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले. शेजारच्या बायाजीने ते कुडाआडून ऐकले. सकाळी धाकूही नव्हता, होडीही नव्हती. आवडीने ग्रामदेवीला नवस केला की तो परतेपर्यंत भिंतीवर शेवाळ धरू देणार नाही. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून ती गप्प राहिली. रोज सकाळी राख आणि नारळाचे सोडण घेऊन ती भर पावसात भिंत घासू लागली.

बायाजी कुंपणावरून पाहत राहिला. एके दिवशी त्याला राहवले नाही.

"गो आवडे, देव वरसून धुता तां तुका पुरणा नाय?"

"माझी भिंत, माझे हात," ती म्हणाली.

एवढे उत्तर बायाजीला पुरेसे झाले. ज्या भिंतीला रोज धुवावे लागते, तिच्यावर काहीतरी असणारच. पाणवठ्यावर ते रक्त झाले, देवळाच्या पायरीपर्यंत पोचता पोचता कोयताही सापडला. होडी तिनेच सोडून दिली असे ठरले. घरे तीच, माणसे तीच, पण आवडी आली की बायका कळशी अर्धीच भरून निघू लागल्या.

शेवटी गावकाराने निवाडा दिला. अमावस्येपर्यंत तिने भिंतीला हात लावायचा नाही. डाग असेल तर वर येईल, आणि आला तर तिने गाव सोडायचा. आवडीने गावकाराचे पाय धरले, पण कारण सांगितले नाही. भिंतीपुढे राखण बसली. आधी चुन्यावर हिरवट झाक आली, मग तळव्याला लागेल असे शेवाळ. अमावस्येला सगळा गाव भिंतीपुढे जमला. डाग कुठेच नव्हता. बायाजीने बोटाने शेवाळ खरवडूनही पाहिले.

त्याच तिन्हीसांजेला, पावसाच्या झडीत, धाकू घरी येत होता असे सांगतात. सकाळी होडीच्या फळ्या खडकाला लागलेल्या सापडल्या आणि खडकाच्या पायथ्याशी तो.

आवडी रडली नाही. तिने सोडण उचलले आणि भिंत घासायला लागली. आता कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बायाजीने पुढे होऊन तिच्या हातातले सोडण घेतले आणि भिंत त्याने धुतली. पुढच्या अमावस्येपर्यंत गावातल्या प्रत्येक घराने खाडीकडची भिंत पांढरी केली होती. रोज घासल्याने आवडीच्या भिंतीचा चुना झिजून आत ओल शिरली होती, म्हणून रोज नव्हे, फक्त अमावस्येला धुण्याचा नेम ठरला. स्वतःची भिंत स्वतः धुवायची नाही, शेजाऱ्याची धुवायची, आणि का म्हणून विचारायचे नाही.

भांडण कशावरून झाले, इतके दिवस धाकू कुठे होता, हे बाबल तारींना विचारले तर ते खडकाला वळसा घालण्यात गुंततात. गावकाराला नवसाची कुणकुण होती, असेही एक म्हातारी कुजबुजते. त्या खडकावर शेवाळ धरत नाही म्हणे. लाटांमुळे असेल.

पावसाळ्यातल्या अमावस्येला शेजारी शेजाऱ्याची भिंत आजही धुतात. मधल्याच एखाद्या दिवशी कुणी आपली भिंत घासताना दिसले, तर कुंपणापलीकडचा माणूस आजही थबकतो. विचारायला तोंड उघडतो, खडकाकडे नजर जाते, आणि तो घरात जाऊन सोडण घेऊन येतो.