इंत्रू तारी बेटावर गेला त्याची गोष्ट

खाडीवर पूल नव्हता नि केळजू बेटावर जायला एकच होडी होती, त्या काळातली ही हकिकत. होडी खोताची, आणि ती वल्हवणारा इंत्रू तारीही खोताचाच. बाप वेठीला, आजा वेठीला. खोतानं हाक मारली की भरल्या ताटावरून उठायचं.

एका साली बेटावर गाठीचा ताप आला. आधी उंदीर पडले, मग माणसं. खोत काठावर आला नि लांबूनच ओरडला, "इंत्र्या, होडी वर ओढ. आठ दिवस पाण्यात घालायची नाही. एवढं केलंस तर तू मोकळा, तुझी बायकापोरं मोकळी."

इंत्रूनं ओढली. हो, ओढली! त्यालाही जीव होताच की.

पलीकडून बाया पदर हलवायच्या. "इंत्रूदादा, घोटभर पाणी पाजायला कुणी धड नाही रे!" रोज तिकडच्या चुलींचा धूर कमी व्हायचा. सातव्या दिवशी हाका थांबल्या. ते जास्त भयंकर होतं, असं म्हणतात.

आठव्या दिवशी किरिस्तावांच्या देवळाच्या पायरीशी खोत म्हणाला, "जा, आता तुझा तू."

इंत्रू आत जाऊन क्रुसापुढं गुडघ्यावर बसला. "देवबापा, बेटावर जाऊ नको म्हण." देव काहीच बोलला नाही. जा नाही, जाऊ नको नाही. यापेक्षा खोत बरा, असं त्याला वाटलं, असं म्हणतात.

मग त्यानं पेजेचं मडकं घेतलं नि होडी लोटली. बायको रुजाय कमरेइतक्या पाण्यात शिरून ओरडली, "अहो, आता तर सुटलात ना!"

"म्हणून तर जातोय." त्याचे दात वाजत होते. "आजवर माझा मी कधी कुठं गेलो, सांग?"

ओहोटीची वेळ होती, पण पाणी उतरलं नाही. नऊ दिवस खाडी भरलेलीच राहिली, मडक्यातली पेज सरली नाही, असं म्हणतात. तेरा माणसं वाचली. दहाव्या दिवशी त्या तेराजणांनी इंत्रूला बेटावर पुरलं, आणि त्याच घटकेला होडी एकटीच इकडच्या काठाला लागली. वल्हं ओलं होतं.

आजही त्या खाडीकाठी आजाऱ्याच्या घरी जायला कुणी कुणाला सांगत नाही. सासू सुनेला सांगत नाही, पाद्री गावाला सांगत नाहीत. ताप मोठा असला की पाय सगळ्यांचेच कापतात. तरी कुणीतरी पेज घेऊन दारात येतं. आतून विचारतात, "कुणी धाडलं?"

"कुणी नाही."

मगच दार उघडतात.