दरीतलं उंबर

फार जुन्या काळी एका रानात पाखरं कोतवाल पक्ष्याला विचारून फळं शोधत. दरीतल्या उंबराकडे मात्र कुणी फिरकत नसे. त्यावर राहणाऱ्या चिंगी खारीने ठरवलं, आपलं झाड सगळ्यांना ठाऊक करायचं.

जत्रेच्या माळावरून तिने घुंगरं आणि आरशाचे तुकडे आणून फांद्यांना बांधले. उंबर म्हणालं, "बाई, पाखरं कोतवालाला काय विचारतात, ते एकदा ऐकून तरी ये."

"वेळ कुठाय? अजून रंगीत फिती आणायच्यात."

कोतवाल सगळ्यांना सांगू लागला, "दरीत घुंगरं वाजतात." रिकामटेकडी पाखरं येऊन बघून गेली. फळं पिकून गळत राहिली.

उन्हाळा सरताना एक थकलेला धनेश तिथे टेकला. खालचा फळांचा सडा बघून तो थिजलाच.

"इथे उंबरं होती? मी रोज कोतवालाला उंबरंच विचारत होतो. तो म्हणायचा, दरीत नुसती घुंगरं आहेत. ढोलीत माझं धाकटं पिल्लू भुकेने गेलं."

चिंगीला तोंड वर करवेना. तिने विचारलं, "आणि थोरलं?"

"आहे अजून."

तिने उरलीसुरली चांगली फळं वेचून त्याच्या चोचीत भरली. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग खोडाला बिलगून रडली.