खंड्याच्या चोचीतला मासा

धरणावर सहलीच्या गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खंड्या पक्ष्यांत रीतच आहे, नवऱ्याने मासा पकडून नवरीच्या चोचीत दिला की लग्न लागलं.

एका सकाळी एका खंड्याने झकास मासा पकडला. नवरी शेजारच्या फांदीवर बसली होती. तेवढ्यात काठावर कॅमेऱ्यांची टिकटिक सुरू झाली. "काय रुबाब आहे बघ!" माणसं कुजबुजली. खंड्याने मान तिकडे वळवली.

"अहो, देताय ना?" नवरी म्हणाली.

"थांब गं, उजवी बाजू राहिलीय," तो चोचीतल्या चोचीत पुटपुटला.

"अरे मेल्या, आधी तिला दे!" खालून टिटवी ओरडली. तिला सगळ्यांच्या घरातलं कळायचं.

ऊन कललं, माणसं डबे आवरून गेली. खंड्या वळला, तर फांदी रिकामी.

"पलीकडच्या काठावर गेली," टिटवी हळूच म्हणाली. "तिथल्या खंड्याने एवढीशी मासळी दिली तिला. दुपारपर्यंत तुझ्याकडेच बघत होती रे. आता तूच खा तो."

खंड्या दिवसभराचा उपाशी होता. पण तिच्यासाठी धरलेला घास काही त्याच्या गळ्याखाली उतरेना.